ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स रडतोय आणि आंबा घाटात तापतोय: खोलायचा, की आधी काही तपासायचं?

मलकापूर_डबलकॅब

नमस्कार मंडळी. गाडी डबल कॅब डिझेल पिकअप आहे, फोर बाय फोर, ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग). एएमटी, म्हणजे मॅन्युअल बॉक्सवर बसवलेलं ऑटोमॅटिक, नाही. रनिंग १,१२,००० किमी. पुढे बुलबार (बंपरवरचा लोखंडी गार्ड) आणि त्यावर चार फॉग लॅम्प आहेत, टायर कंपनीच्याच मापाचे.

तक्रारी दोन. पहिली म्हणजे आवाज. इंजिन चालू केलं की पुढच्या सीटच्या खालून 'घूंऽऽ' असा बारीक सूर येतो. रेस वाढवली की सूरही चढतो. पी, एन, डी, कशातही टाका, येतोच. सकाळी थंड गाडीला जास्त. शिवाय ५५ ते ७० च्या स्पीडला एक जाड गुणगुण येते, ती याच आवाजाचा भाग आहे की वेगळी ते कळत नाही.

दुसरी तक्रार उष्णतेची. साखरप्याकडून आंबा घाट चढताना मागे साधारण ७०० किलो माल असला, की वर पोचायच्या आधीच गिअरबॉक्स ऑइल तापल्याचा दिवा लागतो. ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा प्लग) लावून मोबाईलवर पाहिलं, तर घाटात १२८ अंश दिसले. हायवेला ८० च्या स्पीडला ९६ असतात. इंजिनचं तापमान मात्र जागेवर. कधीकधी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस उगाच ३००-४०० ने उडते आणि मग गिअर पकडतो.

महिन्यापूर्वी एका गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलला. ४ लिटर निघालं, ४ लिटर टाकलं असं सांगितलं. दुसऱ्या एका ठिकाणी 'बॉक्स खोलावा लागेल, कन्व्हर्टर गेलाय' म्हणून मोठा आकडा दिलाय. खोलायच्या आधी घरच्या घरी काय काय तपासता येईल?

---

उद्यमनगर_तात्या

भावा, बॉक्स खोलू नको. आत्ता तरी नको.

तू लिहिलेल्या चार गोष्टी एकत्र वाच. सूर रेसबरोबर चढतो, कुठल्याही गिअरला येतो, थंड असताना जास्त, आणि गिअर पकडायला उशीर. चारही गोष्टी एकाच ठिकाणी बोट दाखवतात: बॉक्समधल्या ऑइल पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही, तो हवा ओढतोय. ऑइलात हवा मिसळली की फेस होतो. फेस दाबला जातो, म्हणून क्लचला प्रेशर पुरत नाही आणि रेस उडते. क्लच घसरला की उष्णता, आणि फेसाळ ऑइल कूलरमध्ये उष्णता नीट सोडत नाही म्हणून आणखी उष्णता. आवाज आणि ताप हे तुझ्या बाबतीत दोन आजार नसावेत.

त्यात महिन्यापूर्वी ऑइल बदललंय. म्हणजे संशयित आधीच सापडलाय.

आजकालच्या बहुतेक ६ स्पीड बॉक्सना डिपस्टिक नसते. बाजूला भरायचा प्लग, खाली चेंबरला (बॉक्सच्या तळाच्या ऑइल टाकीला) लेव्हल प्लग. आपल्याकडे सर्रास होणारी चूक ही, की साध्या गिअरबॉक्ससारखं इंजिन बंद ठेवून 'प्लगमधून बाहेर येईपर्यंत' ऑइल भरतात. इंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधलं आणि कूलरच्या नळ्यांमधलं थोडं ऑइल चेंबरात उतरलेलं असतं, त्यामुळे चेंबर भरल्यासारखं दिसतं. इंजिन चालू झालं की पंप ते वर खेचतो आणि लेव्हल खाली जाते. लिटर-दीड लिटर कमी पडणं काहीच अवघड नाही. 'निघालं तेवढं टाकलं' हा हिशोबही फसवा आहे. निघालेलं ऑइल गरम होतं का गार, फिल्टरबरोबर किती गेलं, जमिनीवर किती सांडलं, हे कोणी मोजत नाही. मुळात आधीच कमी असेल तर कमीच परत गेलं.

लेव्हल अशी बघ. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. नुसतं पुढून जॅकवर उचलून बघू नकोस, उत्तर चुकतं. पिट असलेलं गॅरेज उत्तम, नाहीतर चारी चाकांखाली सारख्या उंचीचे स्टँड. गाडी पूर्ण थंड हवी, म्हणजे रात्रभर उभी असलेली. इंजिन चालू कर, एसी बंद, ब्रेक दाबून पी-आर-एन-डी असा लिव्हर सावकाश फिरव, प्रत्येक ठिकाणी ३-४ सेकंद थांब, परत पी. डोंगलवर ऑइलचं तापमान बघत राहा. बऱ्याच बॉक्सना लेव्हल ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान बघायची असते, पण तुझ्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घे. त्या तापमानाला इंजिन चालू असतानाच लेव्हल प्लग काढायचा.

बारीक धार येऊन तिचे थेंब झाले तर लेव्हल बरोबर. जोरात धार आली तर जास्त आहे, ती थेंबांवर येऊ दे. काहीच आलं नाही तर कमी आहे. मग वरच्या प्लगमधून हातपंपाने थोडं थोडं भर, खालून धार सुरू होईपर्यंत. हे सगळं तापमान वर सरकायच्या आत उरकायला लागतं. दहा लिटर ऑइल ३० वरून ९० अंशांवर गेलं तर जवळपास अर्धा लिटर फुगतं. गरम बॉक्सवर लेव्हल लावली तर नेमकं तेवढं कमी भरलं जातं.

मोजून भर आणि किती गेलं ते इथे लिही. प्लगचा चुरगळणारा वॉशर नवाच घाल. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. पातळ ग्रेडच्या बॉक्समध्ये काउंटरवर मिळेल ते जुन्या ग्रेडचं डेक्सरॉन-३ ऑइल ओतू नको, 'सगळ्याला चालतं' असं दुकानदार कितीही म्हणाला तरी.

लेव्हल बरोबर निघाली आणि आवाज तसाच राहिला, तर फिल्टर बघावा लागेल. जुन्या फिल्टरची ओ-रिंग पंपाच्या भोकात अडकून राहते, तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो, तो तिरका बसतो आणि तिथून हवा शिरते. चेंबर उतरवलं की मॅग्नेट बघायला विसरू नको. काळपट राखाडी, बोटाला मलमासारखा लागणारा थर म्हणजे साधी झीज, घाबरायचं कारण नाही. सुईसारखे तुकडे, चिमटीत टोचणारे कण, सोनेरी चकाकी किंवा तळाशी काळा भुसा दिसला तर मग गोष्ट वेगळी. सोनेरी म्हणजे बुश, काळा भुसा म्हणजे क्लचचं अस्तर. सोनेरी आणि ॲल्युमिनियमचे कण मॅग्नेटला चिकटत नाहीत, ते तळातल्या ऑइलात शोधायचे.

---

घाटवाट

तात्यांनी लेव्हलचं सांगितलंय, त्यात भर घालत नाही. आवाजावरून भाग कसा ओळखायचा ते मांडतो, कारण 'कन्व्हर्टर गेलाय' हे वाक्य फार स्वस्त झालंय.

कन्व्हर्टरच्या आतल्या बेअरिंगचा आवाज कधी येतो? आतले दोन भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत असतील तेव्हा. गाडी उभी, ब्रेक दाबलेला, लिव्हर डी मध्ये: इंजिनकडचा भाग फिरतोय, गिअरबॉक्सकडचा थांबलाय. बेअरिंग खराब असेल तर इथे आवाज येणार. एन मध्ये टाकलं की दोन्ही भाग जवळपास एकाच वेगाने फिरतात आणि आवाज जातो किंवा खूप कमी होतो. तुमचा आवाज पी आणि एन मध्येही तसाच आहे, म्हणजे कन्व्हर्टरच्या बेअरिंगवर संशय घ्यायला आत्ता काही आधार नाही. पंप मात्र इंजिन चालू आहे तोवर फिरतच असतो.

प्लॅनेटरी गिअर, म्हणजे बॉक्समधले दात्यांचे संच, घासले असतील तर आवाज ठरावीक गिअरमध्ये येतो. ज्या गिअरचं प्रमाण १:१ असतं, बऱ्याच ६ स्पीडना चौथा, त्यात सगळा संच एकत्र फिरतो, म्हणून तिथे आवाज नाहीसा होतो. मॅन्युअल मोडमध्ये एकेक गिअर अडकवून हे पाच मिनिटांत कळतं.

'टक-टक' असा कोरडा ठोका असेल, विशेषतः स्लोला, तर कन्व्हर्टर आणि इंजिनमधली फ्लेक्स प्लेट तडकलीय का किंवा तिचे बोल्ट सैल आहेत का ते बघावं. हा आवाज इतका फसवा असतो की कनेक्टिंग रॉडचा समजून लोक इंजिन खोलतात. तुमच्याकडे ठोका नाही, पण पुढे कोणी हा धागा वाचेल त्याच्यासाठी.

एक गोष्ट आधी खात्रीने वगळा. पॉवर स्टिअरिंगचा पंप, अल्टरनेटर आणि आयडलर (पट्ट्याची आधार पुली) यांचाही सूर रेसबरोबरच चढतो. पट्टा काढून २०-३० सेकंद इंजिन चालवा. वॉटर पंपही बंद राहतो, म्हणून त्याहून जास्त नको. आवाज गेला तर गिअरबॉक्स निर्दोष. राहिला तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या आवरणाच्या) मागच्या कडेला टेकवून मूठ कानाला लावा, मग तसंच बॉक्सच्या मागच्या टोकाला. पंप बहुतेक रचनांत पुढे असतो, तिथे आवाज ठळक यायला हवा.

५५ ते ७० ची गुणगुण वेगळीच वाटते. ती गाडीच्या वेगाशी बांधलेली आहे, इंजिनच्या नाही. त्या वेगाला सपाट, रिकाम्या रस्त्यावर एकदाच एन टाकून बघा, घाटात नाही. गुणगुण तशीच राहिली तर शोध बॉक्सच्या मागे घ्यायचा.

---

शिरोली_कूलिंग

उष्णतेवर कोणी फार बोललं नाही, म्हणून लिहितो. ऑइल भरून निम्मं काम होईल. पण भरलेला बॉक्सही घाटात तापू शकतो, आणि त्याची कारणं बाहेर असतात.

कन्व्हर्टर लॉक नसला, म्हणजे आतल्या क्लचने त्याचे दोन्ही भाग एकत्र बांधलेले नसले, की तो पंख्यासारखा ऑइल ढवळतो आणि वाया गेलेली ताकद ऑइलात उष्णता होऊन उतरते. समजा चढावर इंजिन ४० किलोवॅट देतंय आणि त्या क्षणी कन्व्हर्टरची कार्यक्षमता ७५ टक्के आहे. मग १० किलोवॅट ऑइलात. घरातला २ किलोवॅटचा गीझर घ्या, असे पाच गीझर त्या दहा लिटर ऑइलात चालू. कूलर थोडा जरी मंदावला तरी तापमान चढायला किती वेळ लागेल ते सांगायला नको.

आपल्याकडे गाळप हंगामात हे जास्तच दिसतं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे १०-१५ च्या स्पीडने डी मध्ये रांगत जायचं, कन्व्हर्टर उघडा, समोरून हवा नाही. अशा वेळी लिव्हर मॅन्युअलला घेऊन पहिला किंवा दुसरा अडकवा. इंजिन २,००० ते २,५०० वर फिरू द्या. पंप जास्त ऑइल फिरवतो, पंखा जास्त हवा ओढतो, कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते. कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून चढवणं हे 'गाडीला त्रास नको' म्हणून केलं जातं, पण ऑटोमॅटिकला त्यानेच त्रास होतो. टो मोड (जड ओढकामासाठीची सेटिंग) असेल तर तो चालू करा.

दिवा लागलाच तर बाजूला घेऊन पी, हँडब्रेक, आणि इंजिन चालूच. बंद केलं की पंप थांबतो, गरम ऑइल कूलरपर्यंत जातच नाही. रेस १,००० ते १,२०० ठेवून पाच-दहा मिनिटं द्या. रेडिएटरच उकळत असेल तर मात्र हा नियम लागू नाही.

आता तपासणी. तुमच्या गाडीला बहुधा दोन कूलर असतील, एक रेडिएटरच्या टाकीत आणि एक पुढे एसी कंडेन्सरजवळ. पुढचा बंपर किंवा ग्रिल उतरवा आणि कूलर व कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मध्ये पाचट, बगॅसचा भुसा आणि वाळलेला चिखल यांचा गादीसारखा थर बसलेला असतो. प्रेशर वॉशरची धार जवळून मारू नका, पत्रे आडवे होतात. आतून बाहेर, साध्या नळाच्या दाबाने, आधी भिजवून. बुलबार आणि चार लॅम्प तोंडावर आहेत, त्यातही हवा अडते. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने बुलबारविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, एअरबॅग नीट न उघडण्याचा मुद्दाही त्यात येतो. काढून टाका हे माझं मत.

मग घाटातून आल्या आल्या कूलरच्या दोन्ही नळ्यांवर थर्मल गन (दुरून तापमान मोजणारी) मारा. जाणारी आणि येणारी दोन्ही सारख्याच कडक तापलेल्या असतील तर ऑइल फिरतंय पण कूलर उष्णता सोडत नाही: बाहेरचा कचरा किंवा पंखा. एक कडक आणि दुसरी जवळपास गार असेल तर ऑइल वाहतच नाही: कूलर आतून तुंबलाय, नळी चेपलीय किंवा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बंद अडकलाय. येणारी नळी बऱ्यापैकी कमी गरम असेल तर कूलर काम करतोय.

प्रवाह मोजायचा असेल तर परतीची नळी सोडून पारदर्शक पाइप लावून मोजपट्टीच्या बादलीत सोडा. गाडी स्लोला, २० सेकंद, साधारण एक लिटरच्या आसपास यायला हवं. ऑइल गरम असू द्या, नाहीतर थर्मोस्टॅट बायपासमुळे चुकीचं उत्तर मिळेल. हातमोजे घाला. २० सेकंदांवर जाऊ नका, पंप कोरडा पडेल. बाहेर आलेलं मोजून तेवढंच परत भरा.

पंख्याचा व्हिस्कस क्लचही (गरम झाल्यावर पंखा इंजिनला जोडणारा भाग) बघा. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने झटका द्या. सहज गरगर फिरला, किंवा मध्यभागी तेलाचे चिकट ओघळ दिसले, तर क्लच गेला. हायवेला समोरची हवा त्याची लाज राखते, घाटात उघडा पडतो. आणि चारी चाकांच्या हबवर गन मारा. मागचा एखादा ड्रम अडकून चालत असेल तर बॉक्स बिचारा ब्रेकशी भांडतोय.

जास्तीचा कूलर लावायचा विचार असेल तर हे सगळं झाल्यावरच. कमी ऑइलच्या बॉक्सला मोठा कूलर म्हणजे ताप असलेल्या माणसाला पंखा.

---

पंचगंगा_४बाय४

शिरोलीकर, शेवटच्या वाक्याला अर्धं मान्य. घाटात नियमित ७०० किलो नेणाऱ्याला जास्तीचा एअर कूलर चैन नाही. फक्त रेडिएटरमधल्या कूलरनंतर, मालिकेत लावायचा. पाइप ट्रान्समिशन ऑइलचाच, पाण्याचा किंवा डिझेलचा नाही. ते फुगतात आणि घाटात निसटतात. कंडेन्सरपासून सेंटिमीटरभर फट ठेवून ब्रॅकेटवर बसवायचा. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधलेला कूलर सहा महिन्यांत कंडेन्सरला भोक पाडतो. ब्रॅकेट आणि नळीचे ॲडॅप्टर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळतात. कूलर लावल्यावर लेव्हल पुन्हा बघायची, त्यात २००-४०० मिली ऑइल जातंच.

अजून एक. रेडिएटरमधला कूलर आत फुटला तर कूलंट आणि ऑइल मिसळतं. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघा. गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी चालू पण करू नका, पाणी क्लचचं अस्तर सोडवतं.

---

मलकापूर_डबलकॅब

सगळ्यांचे आभार. आकडे देतो.

पट्टा काढून चालवली, आवाज तसाच. कूलंट स्वच्छ. पिटवर, थंड गाडी, इंजिन चालू, ४० अंशांवर प्लग काढला: एक थेंब आला नाही. धार यायला १.४ लिटर लागलं. प्लग लावून पुन्हा चालू केली, पहिल्या मिनिटात थोडा सूर आला, मग गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडला आवाजच नाही. २-३ ला रेस उडणंही थांबलंय.

तोच माल, तोच घाट: ११२ अंशांपर्यंत. मग ग्रिल उतरवलं. कूलर आणि कंडेन्सरच्या मध्ये बोटभर जाड पाचट आणि माती निघाली. साफ करून, बुलबार काढून आणि दुसरा गिअर अडकवून चढवली, १०३ च्या वर गेली नाही.

स्कॅनरमध्ये जुना कोड पी ०२१८ निघाला. पी ०७४१ नाही. ८० च्या स्पीडला पाचव्यात कन्व्हर्टरची घसरण १० ते ३० आरपीएम दिसते.

५५-७० ची गुणगुण आहे तशीच. एन टाकलं तरी राहते. आणि आत्ताचं ऑइल बदलू का? मशीनने फ्लश करून देतो म्हणतायत.

---

उद्यमनगर_तात्या

पी ०२१८ म्हणजे ऑइल तापल्याची नोंद, ती अपेक्षितच होती. पी ०७४१, म्हणजे कन्व्हर्टर नीट लॉक होत नसल्याची नोंद, नाही आणि लॉक झाल्यावर घसरण ३० च्या आत, म्हणजे कन्व्हर्टरचा क्लच ठणठणीत. आकडा १०० च्या पुढे राहिला असता आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर असती तर काळजी केली असती. ज्याने मोठा आकडा दिला त्याला हा स्क्रीनशॉट दाखव.

ऑइल बदल, कारण फेसाळून १२८ पर्यंत गेलेलं ऑइल पुढे भरवशाचं नाही. पण घाई नाही, ८००-१,००० किमी चालव. साधं ड्रेन-फिल पुरे. एका वेळी १० पैकी ४ लिटर बदललं तर ४० टक्के नवं होतं, दुसऱ्यांदा ६४, तिसऱ्यांदा ७८. मध्ये पाचशे-पाचशे किमी जाऊ दे. एकूण १२ लिटर लागेल. मशीन गाडीच्याच पंपाच्या दाबाने अदलाबदल करत असेल तर तिला माझा विरोध नाही. आधी 'साफसफाईचं केमिकल' घालणार असतील तर नको म्हण. सुटलेला गाळ नेमका व्हॉल्व्ह बॉडीच्या (क्लचना ऑइलचं प्रेशर वाटणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत जाऊन बसतो. पहिल्या ड्रेनला चेंबर उतरवून मॅग्नेट बघ. बोल्ट बारीक असतात, ७ ते १० न्यूटन-मीटरच्या आसपासच, मॅन्युअलचा आकडा बघून टॉर्क पान्यानेच आवळ. हाताच्या अंदाजाने आवळले की चेंबरची कड वाकते आणि गळती सुरू.

---

घाटवाट

गुणगुण एन मध्येही राहते म्हणजे बॉक्स सुटला. आता टायर, सेंटर बेअरिंग (मागे जाणाऱ्या शाफ्टचा मधला आधार), डिफरेन्शिअल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गोळा) आणि ट्रान्सफर केस (फोर बाय फोरचा बॉक्स) उरले.

टायर आधी, कारण फुकट आहे. तळव्याने टायरच्या पट्टीवरून पुढे-मागे हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर आवाज तिथलाच. गुळगुळीत डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलत असेल तरी टायरच.

टायर ठीक असतील तर ६० ला हलका ॲक्सिलरेटर द्या, मग पूर्ण सोडा. दाबल्यावर आवाज आणि सोडल्यावर शांत, किंवा उलट, असं झालं तर मागचे क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरेन्शिअलचे दाते. दोन्हीकडे सारखाच असेल तर सेंटर बेअरिंग किंवा हब. सेंटर बेअरिंगसाठी गाडीखाली जाऊन जॉइंट हाताने वर-खाली हलवा. आवरणाचं रबर फाटलेलं असेल तर लगेच दिसेल. त्याच वेळी शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये ढिलाई आहे का बघा, गंजाची लालसर पूड दिसली की क्रॉस संपला.

डिफरेन्शिअलचं ऑइल कधी बदललं होतं? भरायचा प्लग आधी सुटतो का ते बघा, मगच खालचा काढा. वरचा जाम निघाला आणि खालून सगळं ओतलेलं असेल तर गाडी तिथेच अडकते. सहसा जीएल-५, ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं ऑइल लागतं, पण प्लेटवर लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरू न देणारा प्रकार) लिहिलं असेल तर त्याचंच. इथे मात्र इंजिन बंद ठेवून, प्लगच्या कडेपर्यंत भरायचं.